बाबांची राहून गेलेली गोष्ट

नाशिक रोडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी सकाळी एक वर्ग घेते. मुलांनी आई किंवा वडिलांना सोबत आणायचं आणि दोघांनी मिळून कथकच्या अभिनयातून एक गोष्ट सांगायची. तोंडाने बोलायचं नाही, हात, डोळे आणि चाल एवढ्यावरच भागवायचं. मोठी माणसं आधी फार लाजतात. देवळाली कॅम्पहून येणाऱ्या एका जवानाला हरीण व्हायला तीन रविवार लागले. झाला तेव्हा त्याची मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली.

वर्ग सुरू केला त्या दिवसांत सतरंज्या घालायचं काम बाबा करायचे. ते इथल्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झाले, पाठोपाठ आई गेली आणि ते माझ्याकडे राहायला आले. वर्ग चालू असताना दाराशी, चपलांजवळ खुर्ची टाकून बसत. माझ्या लहानपणी त्यांच्या शिफ्ट असायच्या; माझा एकही कार्यक्रम त्यांनी पुरता पाहिला नव्हता. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलेही नव्हते.

एका रविवारी शेवटचं कुटुंब आलंच नाही. वीसेक मिनिटं उरली होती. बाबा उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मला एक गोष्ट सांगायची आहे. तू नि मी मिळून."

सगळे आमच्याकडे बघत होते. "बाबा, हे मुलांसाठी आहे," मी म्हणाले.

"आपणही बाप-लेकच की."

मी हसले, तसे पालकही हसले. पुढच्या वेळी बघू, असं मी त्यांना सांगितलं. ते 'बरं' म्हणून खुर्चीवर जाऊन बसले. खरं तर वेळ होता. पण मी स्टेजवरून त्यांना शोधायचे तेव्हा ते कुठे होते, हा विचार नेमका तेव्हाच मनात आला, आणि त्यांना नाही म्हणताना थोडं बरंही वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. महिन्याभराने त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर एका दुपारी मी त्यांच्या पलंगासमोर बसले. "बाबा, कोणती गोष्ट होती?" मी विचारलं आणि एकेक करून दाखवू लागले. लोणी चोरणारा कृष्ण, शबरीची बोरं, माकड आणि मगर. ते दरवेळी मान हलवून नाही म्हणत. मग आमच्या घरातलं करून पाहिलं. सायकलवरून मला शाळेत सोडणं, आईचं आजारपण. तरीही नाहीच. शेवटी त्यांनी डावा हात उचलला. ते हवेत काहीतरी गोल काढत होते, मग हात खाली नेत, पुन्हा वर आणत. आयुष्यभर हातांची भाषा शिकवणाऱ्या मला त्यातलं काही उमगलं नाही.

"कळलं, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलेलं नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी हात पांघरुणावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. ती गोष्ट कोणती असेल, म्हणून भावाला विचारलं, आत्यालाही विचारलं. बाबांना कुठली गोष्ट सांगायची होती, हेच दोघांना नवीन होतं.