वीतभर पुढे

एकेचाळिसाव्या वर्षीही खांबचे हात विशीत होते तेवढेच चपळ आहेत, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. शपथ खोटी ठरली असती, आणि तो खोटेपणा माझा असता, त्याचा नाही.

खांब हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नाही. पहिल्याच झुंजीत समोरच्याने त्याला तीन फेऱ्या बदडबदड बदडलं, तरी हा पडेना, म्हणून प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, माणूस आहे का खांब. ते चिकटलं. झुंज म्हणजे पिंजऱ्यातली, जिच्यात ठोसे, लाथा, कुस्तीतल्या पकडी, सगळं चालतं. माझी आई तिला परवानगी काढून केलेली मारामारी म्हणायची, आणि त्याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही. एकवीस वर्षांत अठ्ठावीस झुंजी, त्यांतल्या सतरा जिंकलेल्या. मोठं नाव कधी झालं नाही. पोटासाठी तो फर्निचरच्या गोदामात कपाटं उचलायचा, आणि अजूनही उचलतो.

मी त्याचा पॅडवाला. दोन्ही हातांत चामड्याचे गुबगुबीत पॅड घालायचे, आकडा पुकारायचा, क्षणभर पॅड दाखवायचा आणि काढून घ्यायचा. 'एक' म्हणजे डावा सरळ ठोसा, 'दोन' म्हणजे उजवा. हात वेळेवर आला तर ठोसा पॅडच्या मधोमध बसतो, उशीर झाला तर कडेला लागतो, फारच उशीर झाला तर हवेत जातो. सकाळी सहा ते आठ मी हा मार खायचो आणि दुपारी बसडेपोत ब्रेक दुरुस्त करायचो. घरी बायको असती तर तिने दोन्हींतलं एक सोडायला लावलं असतं. बायको नाही, म्हणून दोन्ही टिकलं.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. ठोसा येताना दिसला की पॅडवाला पॅड बोटभर पुढे नेतो. त्यामुळे त्याचा स्वतःचा खांदा वाचतो, आवाज खणखणीत येतो आणि मारणाऱ्यालाही बरं वाटतं. सगळेच नेतात. फक्त ते बोटभरच असायला हवं.

दोन वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आणि एका सोमवारी झुंजींच्या संयोजकाचा फोन आला. समोर चोवीस वर्षांचा पोरगा, सात झुंजी खेळून सातही जिंकलेला. अशा पोराला वर चढायला एखादं ओळखीचं नाव पायरी म्हणून लागतं. हे खांबलाही कळत होतं.

"पायरीवरून घसरणारेही असतात, दादा," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत कळवायचंय. माझा ठोसा तुझ्याइतका कुणी खाल्लेला नाही. तू म्हणशील तसं."

"घे," मी छाती फुगवून म्हणालो.

बुधवारी वहिनीने, म्हणजे खांबच्या बायकोने, मला तिच्या दुकानात बोलावलं. ती सोफ्यांची आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. पॅड उसवले की तेही तिच्याकडेच जातात. मी बसलो, तिने चहाचं विचारलं नाही. तेव्हाच मी समजून जायला हवं होतं.

टेबलावर माझे पॅड होते. शेजारी एक जुनी जोडी होती, सहा-सात वर्षांपूर्वीची. ती तिने टाकली नव्हती, कारण ती काहीच टाकत नाही.

"भाऊजी, हे जुने बघा. कुठे घासलेत?"

सगळीकडे घासलेले होते. कडा फाटून दोनदा ठिगळं लावलेली.

"आणि हे आत्ताचे."

मधोमध बशीएवढा गोल झिजलेला. कडेची शिवण कालच घातल्यासारखी.

"सीटचं कापड बघून मी सांगते, माणूस कसा बसतो ते," ती म्हणाली. "आता हे तुम्ही मला सांगा. चाळिशीनंतर त्याचा नेम एवढा कसा सुधारला? की पॅडच जाऊन त्याच्या हाताला भेटतोय?"

मला आधी रागच आला. कव्हरं शिवणाऱ्या बाईने मला माझं काम शिकवावं? मी खांदा, आवाज, बोटभराची रीत असं बरंच पाल्हाळ लावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बोटभर ना? मग दाखवा."

मी पॅड घातला. तिने मूठ वळली आणि अगदी सावकाश, सुईत दोरा ओवायच्या बेताने पुढे आणली. माझा हात आपण होऊन निघाला. मी त्याला जा म्हटलं नव्हतं. तिने तिथेच थांबवून मोजलं, आधी हात होता तिथपासून आता होता तिथपर्यंत. पुरेपूर एक वीत भरली.

"मुद्दाम नाही केलं, वहिनी."

"ते कळतंय. मुद्दाम केलं असतं तर दुकानात बोलावलं नसतं, पायरीसुद्धा चढू दिली नसती." मग तिचा आवाज खाली आला. "मी सांगितलं तर तो म्हणेल, बायको घाबरली. घाबरलेच आहे, ते सोडा. तुम्ही सांगा. मग जायचं तर जाऊ दे त्याला. पण आपल्यात काय उरलंय आणि काय नाही, ते माहीत असून जाऊ दे."

डेपोत त्या दिवशी मी एकाच चाकाचे ब्रेक दोनदा उघडले. कधीतरी खांबचा हात पहिल्यांदा उशिरा आला असणार. मला वाईट वाटलं असणार आणि माझा हात मधे धावला असणार. प्रेमानेच, यात शंका नाही. पण ते प्रेम सगळंच काही त्याच्यावरचं नव्हतं. तो थांबला तर सकाळी सहाला मी कुठे जाणार होतो?

गुरुवारी मी कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवली आणि पॅड दाखवून काढून घ्यायला लागलो. वीस आकडे पुकारले. अकरा मधोमध बसले, सहा कडेला लागले, तीन हवेत गेले. शेवटच्या वेळी तोल जाऊन तो माझ्या अंगावर आला.

"आज काय झालंय तुला?" त्याने विचारलं.

"आज काही नाही. गेली दोन वर्षं झालं होतं."

मी सगळं सांगितलं, वितीसकट. तो बाकावर बसून मनगटाची पट्टी सोडत राहिला. ती पट्टी खूप लांब असते.

"त्या पोरासमोर मला असाच उभा करणार होतास?"

"हो."

त्या 'हो'ची लाज मला अजून वाटते. तो पट्टीची गुंडाळी खिशात कोंबून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला नाही. माझं तोंड बघायचं नसेल म्हणून मी स्वतःला समजावलं, आणि पावणेआठपर्यंत तिथेच बसून राहिलो.

संध्याकाळी मी बसखाली होतो तेव्हा मला त्याचे बूट दिसले.

"हो म्हणून कळवलंय," बूट म्हणाले.

मी बाहेर सरकलो. "डोकं ठिकाणावर आहे ना? विसांतले नऊ चुकले तुझे."

"ते मला कळलं. त्याला अजून कळलेलं नाही." त्याने माझ्या छातीवर जाड कापडाचा एक पट्टा टाकला, वहिनीने शिवलेला, बक्कल लावलेला. "सहा आठवडे आहेत. उद्यापासून हा कोपरांवरून बांधायचा. तुझ्यावर माझा विश्वास आहे, तुझ्या हातांवर नाही."

सहा आठवडे मी बांधलेल्या बैलासारखा उभा राहिलो. त्याचे हात काही चपळ झाले नाहीत. तसं ते होत नसतं, आणि जे म्हणतात होतं, त्यांना काहीतरी विकायचं असतं. पण कुठला ठोसा किती उशिरा पोचतो हे त्याला पाठ झालं. लांबून देवाणघेवाण करायचीच नाही, असं ठरलं. एक मार खाऊन आत शिरायचं, पोराला मिठी मारायची आणि पिंजऱ्याच्या जाळीवर दाबून धरायचं. तिथे चपळाईला जागाच उरत नाही, तिथे वजन आणि धीर लागतो. अरुंद जिन्यातून कपाट वर नेणाऱ्याकडे हे दोन्ही असतात.

झुंज पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची झाली. पहिली सरळसरळ पोराची. एक ठोसा असा बसला की मी जागचा उठलो. दुसरीत खांबने त्याला जाळीला चिकटवला आणि चार मिनिटं सोडलाच नाही. पोरगा तोंडाने श्वास घ्यायला लागला. तिसरी कुणाची ते मी सांगू शकत नाही. पंचांनी सांगितलं, दोघांनी पोराच्या बाजूने, एकाने खांबच्या. खांब हरला, आपल्या पायांवर चालत बाहेर आला, आणि माझा जीव भांड्यात पडला. माझ्या वितीच्या भरवशावर आत गेला असता तर पहिल्या दोन मिनिटांत त्याला उचलून आणावं लागलं असतं.

चार दिवसांनी संयोजकाने पुन्हा विचारलं. हरूनही नाव वाढलं होतं. खांबने त्याला थांबायला सांगितलं आणि आम्ही दोघं वहिनीच्या दुकानात गेलो. या वेळी तिने चहा मागवला.

पॅड टेबलावरच होते. चारी बाजूंनी फाटलेले, एका कोपऱ्यातून आतलं भरण बाहेर आलेलं. तिने कडेवरून अंगठा फिरवला.

"वरची कड जास्त गेलीय, फाट अजून ताजी आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे शेवटच्या आठवड्यातही उशीरच."

"उशीरच. पण लढलो."

"लढलास. मी पाहिलं ना." तिने मशीनखालचा दोरा ओढला. "शिवू?"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती पूर्ण लागेपर्यंत तो तिकडेच बघत होता.

"नको," तो म्हणाला. "असू देत असेच."

तिने दोरा पुन्हा रिळाला गुंडाळला. मी उठून भिंतीवरचे कापडांचे नमुने बघायला लागलो, जणू मला सोफा घ्यायचा होता. एकवीस वर्षं संपली होती आणि मला तपकिरी रंगाचे सहा प्रकार दिसत होते.

"दादा, इकडे ये."

मी वळलो. फाटके पॅड त्याने स्वतःच्या हातांत चढवले होते.

"मार."

"गुडघा दुखतोय माझा."

"गुडघ्याने मारायला कुणी सांगितलंय? एक!"

मी मारला. पॅड जागचा तसूभर पुढे आला नाही. माझी मूठ कडेला घासून सोफ्याच्या दिशेने निघून गेली आणि मी तिच्यामागोमाग.

"उशीर," तो म्हणाला. "उद्या सहाला ये."