बाच्या छातीचा फोटो

"बिडी कमी ओढायची होती ना. आता तोंड वाकडं करून काय होणार?"

डॉक्टर बोलले ते माझ्या बाच्याकडे न बघता. बा बाकाशेजारी खाली बसला होता, उकिडवा. त्याच्या धोतराच्या सोग्यावर खोकल्यातून पडलेलं रक्त होतं. डॉक्टरांनी नळी लावली, तीही शिवाशिव नको म्हणून छातीवर फडकं पसरून. मग म्हणाले, बाहेर थांबा.

माझ्या बानं बिडी कधी ओढली नाही. तंबाखूही नाही. आर्वीच्या एका कापसाच्या जिनात तो पंचवीस वर्षं बॉयलरला कोळसा घालत होता. घरी आल्यावर थुंकायचा ती थुंकी काळी. डॉक्टरांनी एवढंही विचारलं नाही, की तू काम काय करतोस.

आम्ही ओसरीत बसलो. तेवढ्यात मोटार आली. आमच्याच जिनाचे शेठ. सोबत त्यांची मुलगी, माझ्याच वयाची, अठरा-एकोणीसची. त्यांना आत खुर्च्या मिळाल्या. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. शेठच्या छातीचा फोटो आधीच काढलेला होता. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि तिला समजावून सांगू लागले.

"हा फुफ्फुसाचा कर्करोग. त्याच्या जाती असतात. एक मधोमध होते, भराभर पसरते. सिगारेट ओढणाऱ्यांत ती जास्त. दुसरी कडेला होते, हळू वाढते. ती कधीही न ओढणाऱ्यालाही होऊ शकते. धूर, कोळशाची काजळी, यांचाही संशय घेतात."

रोगालाही जाती असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

शेठ दिवसाला डबाभर सिगारेटी ओढायचे, अख्ख्या जिनाला ठाऊक होतं. त्यांना डॉक्टर म्हणाले, "कामाचा ताण असतो, शेठजी. मनाला लावून घेऊ नका."

मला हेवा वाटला. तिच्या पातळाचा नाही, चपलांचा नाही. तिच्या बापाच्या रोगाला नाव होतं. ती प्रश्न विचारत होती आणि उत्तरं मिळत होती. वाटलं, तिचा बाप आधी मरावा. वाटलं ते वाटलं. लपवत नाही.

कंपाउंडर कागद घेऊन आला. "अंगठा लाव."

मी चौथी शिकलेली. आदल्या वर्षी आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा नावांची यादी मीच लिहिली होती. मी कागद वाचला. 'क्षय असावा. बिडीचे व्यसन.'

मी कागद घेऊन सरळ आत गेले.

"साहेब, हे खोटं हाय."

"बाहेर हो."

"माह्या बानं बिडीले हात नाई लावला. तो यायच्याच बॉयलरवर कोळसा टाकते. विचारा शेठले."

शेठ खिडकीबाहेर बघू लागले. मुलगी म्हणाली, "बाबूजी, खरं आहे का?"

"असेल," शेठ म्हणाले.

बा दारात येऊन उभा राहिला. "चाल वो बाई. काऊन भांडून राह्यली? साहेब रागावतीन."

"तू बस, बा. बाकावर बस." मग मी डॉक्टरांना म्हटलं, "अंगठा नाई लावत. सही करतो. पह्यले हे खोडा, याचं काम लिहा. आन् याच्याबी छातीचा फोटो काढा."

मी हलले नाही. शेवटी डॉक्टरांनी पेन घेतलं, बिडी खोडली आणि 'बॉयलरवर कोळशाचे काम' असं लिहिलं. फोटो दुसऱ्या दिवशी निघाला. गाठ होती. उजव्या बाजूला, कडेला. क्षय नव्हता.

शेठ उपचाराला मुंबईला गेले. बाला मी छोट्या रेल्वेगाडीनं आमच्या गावी, रोहण्याला, घरी आणलं. उपाय नव्हता. दिवाळीच्या आधी तो गेला. शेठ त्यानंतर दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांचा मला आजही हेवा वाटतो आणि तो मी जाऊ देणार नाही.

बाच्या जागी आता दुसरा माणूस कोळसा टाकतो. तोही खोकू लागला आहे. परवा मी त्याच्या घरी जाऊन सांगून आले, दवाखान्यात एकटा जाऊ नको. मी येते. तू काय काम करतोस हे लिहून घेतल्याशिवाय मी त्यांना तुझ्या छातीला नळी लावू देणार नाही.