आखाजीआधीचा झोका

दवाखान्यात रिकाम्या बाटल्या साचतात तसे किस्सेही साचतात. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र डोक्यातच पडून राहतात, आणि आमच्या दवाखान्यातले तर चारचौघांत सांगण्यासारखेही नव्हते.

आठवीत शाळा सुटली आणि पुढे काही वर्षांनी मी सावद्याला डॉक्टरबाईंकडे कामाला लागलो. केसपेपर काढायचे, पुड्या बांधायच्या. बाई मूळच्या धुळ्याच्या. दवाखान्यात फक्त बायकांचे आजार, म्हणून माझी नजर कायम जमिनीवर. बाई म्हणत, "अरे, फरशी पाठ झाली असेल तर जरा वर बघ."

लग्नसराई झाली की नव्या सुना यायच्या. सोबत सासू. विचारलं की ठरलेलं उत्तर : पडली. कोणी विहिरीवर, कोणी ओट्यावरून. एकदा बाई हात पुसत बाहेर आल्या आणि एका सासूला म्हणाल्या, "तुमच्या गावात सगळ्या सुना एकाच जागी कशा हो पडतात?"

सिंधू आली तेव्हा तिला बैलगाडीतून उचलूनच आणावं लागलं. वीस-एकवीस वर्षांची, लग्नाला आठवडाही झालेला नव्हता. लुगडं रक्तानं भिजलेलं. सासू म्हणाली, झोक्यावरून पडली. आमच्याकडे झोके बांधतात ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्या आयाबाई अक्का शांतपणे म्हणाल्या, "आखाजीले अजून टाइम आहे. झोका कोनं बांधला?"

टाके घालावे लागले. आणखी उशीर झाला असता तर जीवावर बेतलं असतं, असं बाई म्हणाल्या. सिंधूच्या वडिलांना, आबांना, बोलावून घेतलं. जखम भरेपर्यंत पोरगी माहेरी राहील, आणि पुढं सासरी जायचं की नाही ते ती स्वतः सांगेल, असं बाईंनी सासूच्या समोर बजावलं. आबा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ती नाही म्हणाली, तर नाही."

त्यानंतर बाईंनी नियम केला. अशी सून आली की नवऱ्यानं आत यायचं. एकजण लिंबाखाली उभा राहिला आणि आईला पुढं पाठवलं. बाईंनी खिडकीतून विचारलं, "बोहल्यावरही आईच उभी होती का?" मग आला.

पडद्यामागून बाईंचं बोलणं मला ऐकू यायचं. घाई करायची नाही. तिचं मन नसेल तर नाही. दुखतंय म्हणाली की तिथंच थांबायचं, थोडं राहिलं म्हणायचं नाही. कोरडं वाटलं तर जोर करायचा नाही; साधं खोबरेल चालतं, पण निरोध वापरत असाल तर तेल लावू नका, तो फाटतो. दारू पिऊन जवळ जायचं नाही. आणि रक्त थांबत नसेल तर लाज सोडून लगेच दवाखाना. पुड्या बांधताना माझे कान तापायचे, पण मी ऐकायचो. माझंही लग्न ठरत होतं.

बाळंतिणींच्या बाबतीत अक्का बाईंपेक्षा कडक. यावलचा एक जावई महिना भरायच्या आत बायकोला न्यायला आला. अक्का म्हणाल्या, "जावईबापू, एस.टी. लवकर आली म्हणून सव्वा महिना लवकर संपत नाही." सव्वा महिन्यानंतरही आधी तपासणी, मग बाकीचं, असं बाईंनी वर जोडलं. जावई त्याच गाडीनं परत गेला.

माझ्या एका मित्राचं लग्न होतं. चहाच्या टपरीवर बाकीचे त्याला चढवत होते : पहिल्या रात्री रक्त दिसलं पाहिजे, नाही तर तू कसला मर्द. मी कधी मध्ये बोलत नाही, पण त्या दिवशी बोललो. रक्त दिसलंच पाहिजे असं काही नसतं, बाईंनी सांगितलंय, पुष्कळदा ती नुसती जखम असते. सगळे हसले. मित्र म्हणाला, "तुझं लग्न तरी झालंय का? तुला काय कळतं?"

मी म्हणालो, "कापसाचे बोळे मी टाकून येतो."

जाताना मित्रानं मला बाजूला घेतलं आणि बाई किती वाजेपर्यंत असतात ते विचारलं.

आखाजी झाली. सिंधू आबांबरोबर तपासणीला आली. जखम भरली होती. नवरा आधीच येऊन बसला होता. रेल्वेच्या डब्यात केळीचे घड भरायच्या कामावर होता तो. अंगानं दांडगा, पण बसला होता बाकाच्या अगदी कडेला. आईला आणलं नव्हतं. बाईंनी त्याला जे सांगायचं ते आधीच दोनदा सांगितलं होतं.

तो बाईंकडे बघून बोलायला लागला, तर बाई म्हणाल्या, "मला नको सांगू. तिला सांग."

तो उठला. सिंधूसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, त्याला कोणी नीट काही सांगितलंच नव्हतं, दोस्तांनी सांगितलं ते सगळं उलटं. आता तसं होणार नाही. "आम्ही घड खांद्यावर घेतो तं खाली पाल्याची गादी ठेवतो. डाग पडू देत नाही. तसं जपीन तुले."

आबांनी सिंधूकडे पाहिलं. अक्का झाडू हातात धरून थांबल्या. मीही, कधी नव्हे तो, वर पाहिलं.

सिंधूनं पदर सारखा केला.

"घडाले बोलता येत नाही," ती म्हणाली. "मी तं बोलली होती."