तोंडाने आवाज काढून दाखवा

गॅरेजवाल्या काकांना सगळे ‘कानमास्तर’ म्हणत. जुन्या गाडीत कुठे काय वाजतंय हे हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पद्धत ठरलेली. आधी गिऱ्हाइकाने तोंडाने आवाज काढून दाखवायचा. मग काका गाडीत बसणार, काचा वर, रेडिओ बंद आणि शेजारच्याच्या तोंडाला कुलूप. एकदा चांगले कोटवाले वकीलसाहेब भर रस्त्यात ‘खुळ्ळ खुळ्ळ, टुक्’ करत उभे राहिले होते. काकांनी दाराच्या पोकळीतून त्यांचंच हरवलेलं पेन काढून हातावर ठेवलं.

गेली दोन वर्षं मात्र सगळी भिस्त गिऱ्हाइकाच्या नकलेवरच होती. जाडे आवाज कळत. बारीक आवाजांनी कधी दगा दिला ते काकांनाही नीट आठवत नव्हतं. उरलेलं काम गिअरच्या दांड्यावर ठेवलेला तळहात गाडीची थरथर टिपून करी. हे सांगायचं कोणाला? कानमास्तरालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर गॅरेजकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, ही भीती त्यांना आतून पोखरत होती. बायकोपासूनही त्यांनी ते लपवलं. तीही बिचारी, ‘हे मुद्दामच लक्ष देत नाहीत’ असं धरून चालली होती.

महिन्यापूर्वी लेक म्हणाली, “बाबा, गाडी बारीक किंचाळते हो.” ती डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात नर्स. घरच्या माणसाला कसल्या नकला करायला लावायच्या, म्हणून काकांनी नुसतीच एक चक्कर मारली. तळहाताला काही लागलं नाही.

“काही नाही गं. मनाचे खेळ आहेत तुझ्या.”

लेकीने किल्ली घेतली आणि निघून गेली.

आज सुट्टीची म्हणून ती सकाळी येऊन गेली. काका फाटकाशी हात हलवून घरात आले, तर काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या.

“अहो, केवढी केकाटते हो ती गाडी! पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होती.”

काका जागच्या जागी थबकले. “कशी केकाटते? काढून दाखव.”

“तुम्ही फाटकातच होतात की!”

“दाखव म्हणतो ना!”

काकूंनी दातांतला चिमटा काढला. “चींईंईं... कोपऱ्यावर ब्रेक दाबला की चूप. पुढे निघाली की पुन्हा चींईंईं.”

काकांनी आवाज ओळखला. ब्रेकच्या पॅडला पत्र्याची एक जीभ असते. पॅड झिजलं की ती चाकाच्या तबकडीला घासते आणि बोंबलून सांगते, आता बदला. ती महिनाभर बोंबलत होती.

लेकीला फोन लावला, तर तो जेवणाच्या टेबलावरच वाजला. लेक विसरून गेली होती. काकांनी गॅरेजची व्हॅन काढली, काकू चिमट्यांसकट शेजारी बसल्या. डोंगराच्या पायथ्याला पेट्रोल पंप, मग चढण, आणि पलीकडे सात वळणांचा उतार. चढणीआधी चाकांची हवा बघायची, ही काकांचीच शिकवण. पोरीने आज तरी ती पाळलेली असू दे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. काकू काही विचारत होत्या. काकांना ऐकू आलं नाही, आणि या खेपेला काकूंनी ते नीट पाहिलं.

पंपावर लेक हवेच्या नळीशी वाकलेली दिसली. काकांनी व्हॅन आडवी घातली आणि तिथेच जॅक लावून पुढचं चाक उतरवलं. पॅड नखाएवढंसुद्धा उरलं नव्हतं.

“मला ऐकू येत नाही, बाळा,” काका चाकाकडे बघतच म्हणाले. “बारीक आवाज येतच नाहीत. दोन वर्षं झाली. तुला खोटं सांगितलं.”

लेकीने हवेची नळी जागेवर अडकवली. “मी कान तपासून घेतले, बाबा.”

“कोणाचे?”

“माझे. तुम्ही म्हणालात आवाज नाही. म्हटलं, माझ्याच कानात काहीतरी बिघाड असेल.”

“मग?”

“डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. पण मी तुमचंच खरं धरलं.”

काकांच्या हातातला पाना गळून पडला. ते चाकाला टेकून जमिनीवरच बसले आणि त्यांना रडू फुटलं.