पेटीच्या पोटातलं माप

“हे काम कोणाचं?” बाळंतखोलीच्या भिंतीवर बोट ठेवत डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी विचारलं.

गडचिरोलीच्या जंगलपट्टीत एक छोटा सरकारी दवाखाना बांधून होत आला होता. नव्वदचं दशक सरत होतं. मी साताऱ्याहून आलेला ज्युनिअर इंजिनिअर आणि ही माझी पहिलीच इमारत. त्या भिंतीवर एक सॉकेट पुढे लोंबत होतं. दुसऱ्याची पेटी तर प्लास्टरखाली गायबच झाली होती.

वायरमन हनीफभाई माझ्या शेजारीच उभे होते. वरोऱ्याचे, पन्नाशीचे, कानावर कायम पेन्सिल.

“या वायरमनला आजच काढा,” साहेब म्हणाले. “उरलेलं काम दुसऱ्याला द्या.”

झालं होतं ते असं. भिंतीत सॉकेट बसवायचं तर आधी विटांमध्ये लोखंडी पेटी पक्की करतात. मग प्लास्टर होतं आणि शेवटी पेटीवर सॉकेटची पाटी स्क्रूने बसते. पेटीची कड प्लास्टरच्या बरोबरीला यायला हवी. आत राहिली तर प्लास्टर तिला गिळतं, बाहेर राहिली तर पाटी लोंबते. गोम एवढीच, की पेटी बसवताना प्लास्टर झालेलंच नसतं.

बरेच वायरमन विटेपासून अर्धा इंच पेटी बाहेर ठेवतात आणि मोकळे होतात. हनीफभाई आधी ओळंबा सोडत, भिंतभर दोरी ताणत, गवंड्याला विचारून प्लास्टर कुठवर येणार ते ठरवत. मग तिथे किती जाडी येईल ते पेटीच्या आत पेन्सिलीने लिहीत. आमच्या विटा गावठी भट्टीच्या, एकीचा मेळ दुसरीला नाही. त्यामुळे त्यांची एक पेटी इंचभर पुढे आलेली, तर दुसरी विटेला जवळजवळ टेकलेली असायची.

ते पाहून मी चिडलो होतो. माझ्या पुस्तकात प्लास्टर अर्धा इंच होतं.

“हनीफभाई, या पेट्या अशा आतबाहेर का?”

“पेट्या बराबर हायेत साहेब. भिंत टेढी हाये. प्लास्टर झालं की दिसन तुमाले.”

“निदान या खोलीत मी सांगतो तसं करा. सगळ्या अर्धा इंच.”

“साहेब, अर्धा इंच ठेवलं तर एक पेटी बुडन, एक बाहेर येईन.”

“मी सांगतोय ना?”

त्यांनी मुकाट्याने पेट्या हलवल्या. मला मोठा तीर मारल्यासारखं वाटलं. प्लास्टर झालं तेव्हा हनीफभाई दुसऱ्या कामावर होते आणि गवंड्याने पेटीसकट भिंत लिंपून टाकली.

आता साहेबांसमोर हनीफभाईंनी लोंबणारी पाटी खोलली. आत त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पाव इंच’. पेटी होती अर्धा इंच बाहेर. ते नुसतं साहेबांना दाखवलं असतं तरी त्यांची सुटका होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाटी परत लावून ते हत्यारं पिशवीत भरायला लागले.

मला माझीच लाज वाटली.

“साहेब, चूक माझी आहे,” मी म्हणालो. “त्यांनी माप बरोबर काढलं होतं. मी बदलायला लावलं.”

बाकीच्या खोल्यांत जाऊन साहेबांनी एकेका पाटीवर पट्टी टेकवून पाहिली. कुठेही फट नव्हती. असं काम मी नंतरही फार कमी पाहिलं.

“वायरमन राहू द्या,” परत येऊन ते मला म्हणाले. “या खोलीत छिन्नी तुम्ही चालवा. हे उभे राहून सांगतील.”

दोन दिवस मी भिंत फोडली. हातांना फोड आले.

“हळू मारा साहेब, वीट फुटाले नाई पायजे,” एवढंच हनीफभाई सांगत होते.

शेवटी मी विचारलं, “साहेब तुम्हाला काढत होते. तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोललो होतो ना साहेब,” ते म्हणाले. “प्लास्टरच्या आधी.”

तेव्हापासून वायरमनचं म्हणणं मी प्लास्टरच्या आधी ऐकतो. नंतर ऐकायला छिन्नी लागते.