द्वारकाबाईच्या फोनातलं गाणं

आमच्या साखऱ्याच्या स्टँडवर वैजनाथचं मोबाईलचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचा डबा, पण वर कंपनीचा बोर्ड एवढा मोठा की लांबून बघणाऱ्याला वाटावं, टॉवरही ह्याच्याच बापाचा. सिम विकायचं, रिचार्ज मारायचा, दुसऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक फोडून आपल्याकडे आणायचं, हा त्याचा धंदा. बोलायला गोड. गोडबोल्या माणसावर माझा विश्वास नाही, पण गावाचा होता. म्हातारी माणसं यायची, फोन सरळ त्याच्या हातात द्यायची आणि बाकावर टेकायची. "बघ रे बाबा, काय म्हणून राहिला ह्यो."

असा फोन देणं म्हणजे घराची किल्ली देण्यासारखंच. वैजनाथला ते कळत होतं, आणि तिथंच त्यानं शेण खाल्लं.

कंपनीचा साहेब हिंगोलीहून यायचा. सिमचं टार्गेट पुरं झालं की म्हणायचा, आता कॉलर ट्यून लाव. म्हणजे आपल्याला कुणी फोन केला की त्याला घंटीऐवजी गाणं ऐकू येतं, ते. जो जास्त फोनांवर गाणी बसवेल त्याचा तालुक्याला सत्कार. आता आमच्या गावात पोरं सोडली तर गाणं मागतं कोण? मग वैजनाथ रिचार्ज मारता मारता म्हाताऱ्यांच्या फोनवर दोन बटणं जास्तीची दाबू लागला. यादीत वर असेल ते गाणं बसायचं. बायको मंजुषा एकदा म्हणाली, "इचारल्याबिगर काहून करता?" तर हा म्हणतो, "फुकटच तं हाय. कोणाचं काय जाऊन राहिलं?" शिवाय यात एक सोय होती. ज्याच्या फोनात गाणं, त्याला ते कधीच ऐकू येत नाही. ऐकतो तो फोन करणारा.

अशातच संतराम गेला. चांगला माणूस, झोपेतच गेला. मागं द्वारकाबाई एकटी. सिद्धेश्वर गावचा तिचा भाऊ शेषराव मातीला आला, बहिणीच्या गळ्यात पडून रडला आणि तेराव्याला लुगडं घेऊन येतो म्हणून गेला. आमच्याकडे तेराव्याला माहेरचं लुगडं नेसूनच बाई दुखातून उठते.

चार दिवसांनी वैजनाथ दुखवट्याला बसायला गेला. द्वारकाबाईनं डोळे पुसले आणि फोन त्याच्या हातात दिला. "माणसायचे फोन येऊन राहिले बाबा. रिचार्ज सरला म्हणते. तेवढा मारून दे." त्यानं मारला. महिनाअखेर होती, टार्गेटला थोडंच कमी पडत होतं. संतरामच्या फोटोपुढं दिवा तेवत होता आणि ह्याच्या अंगठ्यानं ती दोन बटणं दाबली. सवयीनं, असं तो नंतर म्हणाला. मला विचाराल तर सवय ही सबब नाही, गुन्हाच आहे.

तेराव्याला सगळे आले, शेषराव आला नाही. पंगत खोळंबली. बायका एकमेकींकडं बघू लागल्या, द्वारकाबाईची मान वर होईना. शेवटी वाढायला उभ्या असलेल्या वैजनाथला तिनं हाक मारली.

"माझा फोन खराब झाला का रं? शेषराव काल लई रागानं बोलला. म्हणला, नवरा मरून पंधरा दिस न्हाई झाले अन् तुह्या फोनात नाचायचं गाणं वाजून राहिलं. तुला दुःख न्हाई, तं मी लुगडं कोणाला आणू? मी तं फोन कानाला लावून लावून पाह्यला. मला काहीच ऐकू येत न्हाई."

वैजनाथनं हातातली वरणाची बादली खाली ठेवली. फोन घेऊन त्यानं गाणं काढलं आणि खाली बघत म्हणाला, "कंपनीवाल्यायनं केलं असंल, काकू. काढलं म्या."

"तुहं भलं होवो. मंग हेच शेषरावला सांग बाबा. माहं तो ऐकत न्हाई."

नाही म्हणायची सोय नव्हती. फोन लागला. द्वारकाबाईलाही ऐकू यावं म्हणून त्यानं स्पीकर चालू केला. खोळंबलेली माणसं जवळ सरकली.

"मामा, काकूची काही चूक न्हाई. गाणं कंपनीनं लावलं."

"कंपनी म्हंजे कोण?" पलीकडून शेषराव कडाडला. "माणूस असंल ना कोणी? नाव सांग त्याचं!"

वैजनाथच्या अंगात कंपनीचाच टी-शर्ट होता. सगळं गाव त्या टी-शर्टाकडं बघत होतं. त्याला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

"मी, मामा. मीच लावलं. दुखवट्याला आल्तो तवा."

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. शेषराव एवढंच म्हणाला, "ताईला सांग, निघालो म्या." दुपार कलताना लुगडं आलं आणि त्यानंतर पंगत बसली. वैजनाथला कुणी शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर त्याला तो घास तरी गिळता आला असता.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला घेतला. गुरवाच्या फोनात लावणी, आजारी शालूबाईच्या फोनात वरातीचा बँड. स्वतः बसवलेलं एकेक गाणं तो पहिल्यांदाच ऐकत होता. पलीकडून "बोल वैजनाथ" आलं की काय केलं ते सांगायचं आणि शिव्या ऐकायच्या. त्यानं कुणाला वगळलं नाही.

महिना झाल्यावर द्वारकाबाई दुकानात आली. भावानं आणलेलं लुगडं नेसली होती. वैजनाथनं सवयीनं हात पुढं केला. तिनं फोन पदराखाली मुठीत धरून ठेवला.

"फोन राहू दे बाबा. नंबर सांगते, तिथूनच मार."

तिला अक्षर येत नाही. शेजारच्या पोरीकडून तिनं नंबर पाठ करून घेतला होता. अडखळत, पुन्हा मागं जात ती एकेक आकडा सांगू लागली. वैजनाथला तो नंबर तोंडपाठ होता, तरी मान खाली घालून ती सांगेल तसा तो दाबत गेला.