वाकडा तांब्या

आमच्या ह्यांनी घनसावंगीच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. स्थिरचित्र म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पेन्सिल हातभर लांब धरायची, एक डोळा मिटायचा आणि मापात काढायचं. तांब्या केसभर कलला तरी पोरांना खोडायला लावायचे. निवृत्त झाल्यावर एक दिवस त्यांनी माझ्या ओट्याचं चित्र काढलं. मोसंब्या निळ्या, ओटा उताराला लागलेला, तांब्या तर पिऊन आल्यासारखा.

ते अंघोळीला गेले तशी मी लाटणं लांब धरून, एक डोळा मिटून मापून पाहिलं. एकही वस्तू मापात नव्हती. माझे सासरे शेवटी भिंत चाचपडत न्हाणीत जायचे. तेच ह्यांच्या नशिबी आलं, असं मी ठरवूनच टाकलं. रडले, भाजी करपवली आणि दुसऱ्या दिवशी, "शुगरवाल्यांनी डोळे दाखवायचे असतात," म्हणून ह्यांना जालन्याला नेलं.

डॉक्टरांनी ह्यांच्याकडून तक्त्यावरची अगदी खालची बारीक ओळसुद्धा वाचून घेतली. नजर बिलकुल साफ आहे म्हणाले. परतीच्या बसमध्ये मला खरं सांगावंच लागलं. हे इतके हसले की कंडक्टर वळून बघायला लागला.

"आगं, मला वाकडं दिसत न्हाई. मी वाकडं काढून राह्यलो."

"कशापायी?"

"सरळ लई काढलं. तू मापू नको, नुसतं बघ."

घरी आल्यावर चित्रापुढं बसले, रागातच. रंग पिठल्यासारखा जाड, बोटानं ओढलेला. गॅसकडचा कोपरा इतका लाल की मे महिन्यातला स्वयंपाक आठवला. मोसंब्या निळ्याच होत्या, पण पहाटे दिवा लावायच्या आधी ओट्यावर त्या तशाच तर दिसतात. मला चित्र आवडायला लागलं होतं, कबूल करते.

मग चित्रातला डबा दिसला. झाकणाची मूठ तुटली म्हणून मी त्याला हिरवी चिंधी बांधलेली आहे. चित्रात ती चिंधी तांब्याहून मोठी होती.

मी जन्माची डावरी. सासरी आल्यापासून वाढणं, लाटणं, चिरणं सगळं उजव्या हातानं शिकले. गाठ तेवढी अजून डाव्यानं मारते, उलट्या पिळाची, तीही आसपास कुणी नसताना. ह्या माणसाला घरात मीठ कुठं असतं ते आजही सापडत नाही. आणि त्यांनी गाठ डाव्या हाताचीच काढली होती.